मुकादमाने सकाळी काय सांगावे?



आपल्या बहुतेक वस्त्यांत गल्लीगणिक बांधकामावर जाणारा माणूस सापडतो. कोणी गवंडी, कोणी सेंट्रिंगवाला, कोणी बिगारी. कित्येक घरांत नवरा-बायको जोडीने नाक्यावर उभे राहतात. गेल्या काही वर्षांत यात आणखी एक भर पडली आहे. ज्या घरांतून पूर्वी फक्त बिगारी निघत, त्याच घरांतून आता मुकादम निघतात, लेबरचे ठेके घेणारे निघतात, आय.टी.आय. किंवा डिप्लोमा करून साइटवर सुपरवायझर झालेली मुले निघतात. तेव्हा आजचा मजकूर दोघांसाठीही आहे. जो परांचीवर चढतो त्याच्यासाठी, आणि जो त्याला ‘चढ’ म्हणून सांगतो त्याच्यासाठी.

विषय आहे घर बांधताना उंचावरून पडण्याचा. येथे आम्ही मोठमोठ्या टॉवरविषयी बोलत नाही. तेथे निदान दाराशी हेल्मेटची पाटी असते आणि कोणीतरी शिट्टी वाजवत फिरत असतो. आम्ही बोलतो आहोत ते एकमजली-दुमजली घरांविषयी, चाळीतल्या खोलीवर चढविलेल्या माळ्याविषयी, गावाकडच्या घरकुलाविषयी आणि पावसाळ्यापूर्वी होणाऱ्या पत्र्यांच्या दुरुस्तीविषयी. तेथे सहा-आठ माणसे काम करतात. पाटीही नसते आणि शिट्टीही नसते.

कायद्याचे म्हणाल तर बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली स्वतंत्र कायदा झाला. तो दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता आणि सुरक्षा अधिकारी नेमण्याचे बंधन होते ५०० कामगारांवर. दि. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी कामाच्या ठिकाणची सुरक्षा, आरोग्य व सेवाशर्ती यांची नवी संहिता आली. तीत बांधकामासाठी हा आकडा २५० केला आहे. आकडा निम्मा झाला, हे चांगलेच झाले. पण स्वतःला राहण्यासाठी कोणी घर बांधत असेल तर ठरावीक खर्चापर्यंतचे घर जुन्या कायद्यातही वगळलेले होते आणि नव्यातही वगळलेले आहे. मर्यादा तेव्हा दहा लाखांची होती, आता ती पन्नास लाखांवर नेली आहे. आमच्या मते हे पुढे जाणे नव्हे. वाचकांनी यातून एवढे ध्यानात घ्यावे की, आठ माणसांच्या साइटवर कायद्याने नेमलेला सुरक्षा अधिकारी येणार नाही. तेथे सुरक्षा अधिकारी कोण, तर मुकादम. त्याला कोणी नेमणुकीचा कागद दिलेला नसतो, एवढाच फरक.

आता पडणे होते कसे ते पाहू. लोक समजतात की माणूस पडतो तो त्याच्या बेफिकिरीने. ‘पाय घसरला’ असे म्हटले की विषय संपला. पण पाय जेथे घसरला तेथे कठडा का नव्हता, हे कोणी विचारत नाही.

आमच्या ऐकण्यात आलेला एक प्रकार सांगतो. एका दुमजली घराचे काम चालू होते. पहिल्या मजल्याच्या स्लॅबला पाइपांसाठी डक्टची मोकळी जागा सोडलेली होती. कोणी पडू नये म्हणून मिस्त्रीने त्यावर प्लाय टाकून ठेवला. हेतू चांगलाच होता. दुसऱ्या दिवशी नाक्यावरून नवा बिगारी आणला. त्याला सांगितले, “वरचे प्लाय गोळा करून खाली दे.” त्याने एक उचलला, दुसरा उचलला. तिसरा प्लाय दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि एक पाऊल पुढे टाकले. प्लायमुळे समोरचे दिसत नव्हते आणि पुढे जमीन नव्हती. माणूस वाचला, पण कमरेतून अधू झाला. येथे दोष कोणाचा म्हणायचा? मिस्त्रीने झाकले, मुकादमाने काम सांगितले, बिगाऱ्याने सांगितल्याप्रमाणे केले. फक्त त्या प्लायच्या खाली काय आहे, हे एक वाक्य कोणी बोलले नाही. तो प्लाय खिळ्यांनी ठोकलेला असता आणि त्यावर रंगाने ‘खाली खड्डा’ असे लिहिलेले असते, तरी पुरे होते. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी लाल फुली.

बहुतेक अपघातांची जात हीच असते. साइट दर तासाला बदलते. सकाळी परांचीवर तीन फळ्या होत्या. दुपारी गवंड्याने त्यांतली एक दुसरीकडे नेली. जेवून परत आलेला माणूस सवयीने तेथेच पाय ठेवतो. सेंट्रिंगवाल्याने टेकू काढले, पण वर विटा वाहणाऱ्या बाईला ते कळविले नाही. जिन्याचा कच्चा कठडा सामान वर घेताना सोडला आणि पुन्हा बांधला नाही. प्रत्येक ठिकाणी एकाला माहीत होते आणि दुसऱ्याला नव्हते.

पत्र्यांच्या बाबतीत तर जास्तच सांगणे आहे. सिमेंटचे जुने पत्रे वरून दगडासारखे दिसतात, पण उन्हापावसाने ते कुडकुडीत झालेले असतात आणि माणसाचे वजन घेत नाहीत. खाली जेथे कैची किंवा आडवा पाइप आहे, तेथे वरून बोल्टची रांग दिसते. जुने जाणते लोक त्या रांगेवरूनच चालतात. नव्या पोराला हे माहीत नसते. तो पत्र्याच्या मधोमध पाय ठेवतो आणि पत्र्यासकट खाली येतो. खरे पाहता बोल्टच्या रांगेवर भरवसा ठेवूनही चालू नये. दोन-तीन आधारांवर टेकतील अशा लांब फळ्या टाकाव्यात आणि त्यांवरूनच वावरावे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या वस्त्यांतून शेजारधर्म म्हणून पत्रे बदलायला पोरे चढतात. त्यांना तर मुकादमही नसतो. अशा वेळी घरातल्या वडीलधाऱ्याने मुकादम व्हावे.

उंची थोडी म्हणून भीती थोडी, असा एक समज आहे. एका मजल्याची म्हणजे दहा फुटांची उंची धरा. तेथून सुटलेला माणूस पाऊण सेकंदात जमिनीवर येतो आणि येतो तो ताशी सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरच्या वेगाने. पाऊण सेकंदात ‘अरे’ एवढेच तोंडून निघते. कोणी धरील, काही हाताला लागेल, हा विचार सोडून द्यावा. कमरेचा पट्टा बांधला म्हणजे झाले, हेही खरे नाही. पट्ट्याची दोरी डोक्याच्या वर, पक्क्या जागी अडकवावी लागते. ज्या परांचीवर उभा आहे तिच्याच बांबूला ती अडकविली तर परांची आणि माणूस दोघे एकदम खाली येतात. आणि घर ठेंगणे असेल तर दोरी ताणली जाण्याआधीच जमीन लागते. म्हणून छोट्या घरांच्या कामात पट्ट्याच्या अगोदर रुंद फळी, कमरेएवढा आडवा बांबू आणि पक्की शिडी ही तीन हवीत. शिडी किती तिरकी लावावी? चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर. वरच्या टोकाने स्लॅबच्या कडेच्या वर तीन फूट तरी शिडी निघालेली असावी, म्हणजे उतरताना हाताला काहीतरी धरायला राहते.

हे सर्व मुकादमाला ठाऊक असते. मग घोडे अडते कोठे? ते बोलण्यात अडते.

मुकादम दिवसातून वीस वेळा ‘सांभाळून रे’ म्हणतो. आम्ही एका ओळखीच्या मुकादमाला विचारले, “दादा, तुम्ही सांभाळून म्हणता म्हणजे त्याने नेमके काय करायचे?” तो हसला. म्हणाला, “साहेब, म्हणायची पद्धत आहे.” पद्धत आहे हे खरे, पण त्यातून ऐकणाऱ्याला नवे काही कळत नाही. त्याऐवजी, “मागच्या बाजूची परांची अजून बांधून झाली नाही, बांबू आडवा लावेपर्यंत तिकडे कोणी चढायचे नाही, झाले की मी स्वतः सांगीन,” असे म्हटले तर माणसाला जागा कळली, कारण कळले, कोठपर्यंत थांबायचे ते कळले आणि परवानगी कोणाची ते कळले. यास अर्धा मिनिट लागतो.

सांगून झाल्यावर मुकादम विचारतो, “समजलं ना?” सगळे मान हलवितात. नाक्यावरचा माणूस ‘नाही समजलं’ असे कधी म्हणत नाही. म्हटले तर उद्या बोलावणे येणार नाही, ही त्याला धास्ती. आणि आज एका साइटवर मराठवाड्यातील माणूस असतो, कर्नाटकातील असतो, बिहारचा असतो. आपली मराठी त्याला कितपत पोचली हे मान हलविण्यावरून कळत नाही. त्यापेक्षा, “बरं, तू आता कुठून वर जाशील, दाखव,” असे म्हणावे. तो बोटाने जी वाट दाखवील तिच्यावरून समजून येते. नव्या माणसाला पहिल्या दिवशी खालचेच काम द्यावे आणि वर जाण्याआधी एका जुन्या माणसाबरोबर सगळी साइट एकदा फिरवावी. आणि उंचीवर उभ्या असलेल्या माणसाला खालून अचानक ओरडू नये. तो दचकून वळतो. त्याचे लक्ष गेल्यावर, नाव घेऊन, शांतपणे सांगावे.

नाव घेऊन हे आम्ही मुद्दाम लिहिले. आठ तास ज्याच्या जिवाची जबाबदारी आपल्यावर आहे त्याला ‘ए’ म्हणून हाक मारणारे मुकादम आम्ही पाहिले आहेत. त्यांत आपलेही आहेत, हे लिहिताना बरे वाटत नाही. हाकेत मान नसेल तर माणूस ऐकतो, पण आपले काही सांगत नाही.

भगिनींचा प्रश्न तर याहून वेगळा आहे. नाक्यावर जोडी ठरते तेव्हा बोलणे नवऱ्याशी होते. रोज ठरतो नवऱ्याशी आणि सकाळच्या सूचनाही नवऱ्यालाच. बाईला काय सांगायचे, ती नवऱ्याच्या मागोमाग येईल, असे धरून चालतात. पण साइटवर दोघांची वाट एक नसते. तो एका जागी उभा राहून वीट लावतो. ती डोक्यावर घमेले घेऊन दिवसभर जिन्याने, उताराच्या फळीने वर-खाली करते. एक हात घमेल्याला, नजर समोर, पायाखालचे दिसत नाही, साडीचा घोळ पायात. कच्च्या जिन्यावर आणि फळीवर तिच्याइतका कोणाचाच वावर नसतो, आणि तिलाच कोणी काही सांगत नाही. मुकादमाने सकाळी बोलताना बायांना मागे उभे करू नये. “ताई, आज या फळीला पट्ट्या ठोकल्यात, यावरूनच जा, जिना ओला आहे,” हे तिच्याशी बोलावे. आणि फळीचा त्रास काय आहे हे तिला विचारावे, कारण ती फळी इतरांपेक्षा तिला जास्त माहीत असते.

आता बोलण्याची दुसरी बाजू, ऐकून घेण्याची. एखादा बिगारी धीर करून म्हणतो, “मुकादम, फळी हलतेय.” त्यावर उत्तर मिळते, “भीती वाटते तर घरी जा, दुसरा माणूस तयार आहे.” एवढे उत्तर एकदा दिले की झाले. दुसऱ्या दिवसापासून त्या साइटवर फळी हलते असे कोणी म्हणणार नाही. फळी मात्र हलतच राहील. याउलट मुकादमाने तेथल्या तेथे फळी बांधून घेतली आणि चौघांत म्हटले की, बरे झाले याने सांगितले, तर पुढच्या वेळी चार माणसे सांगतील. मुकादमाचेही ओझे आम्ही जाणतो. काम उक्ते घेतलेले असते, मालक वरून घाई करतो, स्लॅबची तारीख ठरलेली असते, उशिराचे पैसे त्याच्याच अंगावर. घाई वरून खाली उतरत येते आणि शेवटी बिगाऱ्याच्या पायात येऊन थांबते.

हे आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत सेंट लुईस नावाचे शहर आहे. तिकडची घरे लाकडी चौकटीची, म्हणून सुतारच घर उभे करतात. तेथील विद्यापीठाच्या संशोधकांनी घरबांधणीवरील फोरमन व शिकाऊ सुतार यांच्याशी बोलून, साइटवर जाऊन पाहणी केली. दिसले काय, तर नवी पोरे तयारी नसताना उंचीवर चढविली जातात, जुन्यांकडून शिकविणे अपुरे पडते, फोरमनवर काम उरकण्याचा दाब असतो आणि काही फोरमनना नियमच नीट ठाऊक नसतात. मग त्यांनी एका घरबांधणी कंपनीच्या दहा फोरमनना आठ तासांचे शिक्षण दिले. शिकविणारेही सुतारच होते. त्यांनी त्या फोरमनच्याच साइटवर जे चालते ते दाखविले आणि त्याशेजारी बरोबर रीत कोणती ते दाखविले. कामगारांशी रोज थोडक्यात कसे बोलावे, हेही शिकविले. त्यानंतर रोजचे बोलणे व शिकविणे वाढले आणि सहा महिन्यांनीही ते टिकून होते. पडण्यापासून बचावाची साधने वापरणेही वाढले. हा अहवाल २०१३ साली प्रसिद्ध झाला. दहा फोरमन म्हणजे प्रयोग लहानच, त्यावरून सगळे सिद्ध झाले असे कोणी म्हणू नये. पण आठ तास म्हणजे आपला एक रोज. एका रविवारी समाजमंदिरात वस्तीतील मुकादम बसवून, एखाद्या जुन्या गवंड्याकडून आणि एखाद्या इंजिनिअर मुलाकडून हे करण्याला फारसा खर्च येणार नाही.

‘रोज सकाळी बोलत बसलो तर काम कधी करायचे,’ असे मुकादम म्हणतात. आमचा पेशा आकडेमोडीचा, म्हणून हिशेब मांडून पाहिला. आठ माणसे, प्रत्येकी दहा मिनिटे, म्हणजे ८० मिनिटे. आठ तासांचा रोज ४८० मिनिटांचा, तेव्हा हा एका रोजाचा सहावा भाग झाला. रोज ८०० रुपये धरला तर १३३ रुपये, आणि तेही आठ जणांचे मिळून. दुसऱ्या बाजूला कमरेचे हाड मोडलेला माणूस, दवाखान्याच्या खेपा, बंद पडलेले काम, पोलिसांची चौकशी आणि त्याच्या घरी थांबलेली चूल. या बाजूची बेरीज आम्ही मांडीत नाही, कारण तिच्यात काही रकमा अशा आहेत की त्या कोणत्या खात्यात टाकाव्यात हे आम्हांला कळत नाही.

दहा मिनिटांत बोलायचे ते काय? आज कोण कोठे काम करणार, कालपासून साइटवर काय बदलले, कोठे उघडे आहे, आणि शेवटी, कोणाला ताप आहे, कोणाची रात्रीची झोप झाली नाही, कोण उपाशी आला. शेवटचा प्रश्न विचारायला मुकादम लाजतो, कारण उत्तर आले तर त्या माणसाला वर पाठविता येत नाही. रात्री घेतलेली सकाळपर्यंत अंगात असते, हेही येथेच बोलावे. अशा माणसाला रोज बुडवून घरी धाडले तर तो उद्या खोटे बोलेल. त्याला खाली सळई कापायला, रेती चाळायला बसवावे. जेवणानंतर पुन्हा दोन मिनिटे बोलावे, कारण दुपारपर्यंत साइट बदललेली असते.

ज्यांच्या घरचा माणूस अशा कामावर जातो त्या माता-भगिनींनी संध्याकाळी एवढे विचारावे, “आज किती उंचीवर होता? चढायला काय होतं? कठडा होता का?” तक्रार म्हणून नव्हे, चौकशी म्हणून. रोज विचारले की तो साइटवर स्वतःच पाहू लागतो. आणि सकाळी भांडून किंवा उपाशी घराबाहेर पाठवू नये. हे आम्ही दोघांनाही सांगतो, कारण जोडीने जाणाऱ्या घरांत चूल पेटवायला तीच पहाटे उठते आणि तीच उपाशी निघते.

दुर्दैवाने कोणी पडलाच तर हातपाय धरून उचलू नये, बसवू नये, पाणी पाजू नये. मानेचा किंवा पाठीचा कणा दुखावला असेल तर उचलण्याने कायमचे अपंगत्व येऊ शकते. १०८ क्रमांकाला फोन करावा, डोके व मान एका रेषेत स्थिर धरून एकाने जवळ बसावे आणि त्याच्याशी बोलत राहावे.

घर बांधून घेणाऱ्या वाचकांसाठी एक शब्द. आयुष्याची पुंजी लावून घर होते, दर पाडून घेण्याचा मोह होतो, ते आम्ही समजू शकतो. ठेकेदार दर पाडतो तेव्हा पहिल्यांदा फळ्या आणि बांबूच कमी करतो, कारण सिमेंट कमी केले तर तुम्हाला दिसते. म्हणून ठरावाच्या कागदावर परांची, कठडा व शिडी यांची वेगळी ओळ लिहून घ्या आणि तिचे पैसे वेगळे द्या. ‘वर कोणाला, कशावरून चढवणार?’ हे ठेकेदाराला विचारा. त्याने उत्तर देताना टाळाटाळ केली तर दुसरा ठेकेदार पाहा. आणि हजेरीच्या वहीत प्रत्येकाचे, बायांचेही, पूर्ण नाव रोज लिहिले जाते की नाही तेवढे पाहा. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो मिळविताना ही वही उपयोगी पडते. नोंदणीच्या कागदपत्रांविषयी बऱ्याच भगिनींनी विचारणा केली आहे. ते सविस्तर पुढील अंकी.